उन्हाळ्यावरची हिरवी गोधडी

मार्चातल्या भर दुपारी संगमेश्वर तालुक्यातल्या एका उन्हाळ्यावर मी पाटाच्या कडेला उकिडवी बसले होते. कुंडातलं जास्तीचं पाणी खालच्या वाफ्यांकडे जावं म्हणून चिऱ्यात कोरलेला तो पाट. त्याच्या तोंडाशी हात घातला की पोळतो. तिथला चिरा घासूनपुसून ठेवल्यासारखा उघडा. चार पावलं खाली हात कसाबसा ठेववतो, आणि नेमकी तिथंच दगडावर पिवळट-हिरवी साय धरायला लागते. आणखी दहा पावलं गेलं, पाय सोडून बसावंसं वाटेल इतपत पाणी निवलं, की ती साय जाड होते, गडद होते आणि शेवटी काळपट हिरवी होऊन पाटाच्या दोन्ही कडांना चिकटून राहते. भिंगातून पाहिलं तर त्या हिरव्या पृष्ठभागावर खसखशीएवढे बुडबुडे धरलेले. एखादा फुगत फुगत मोहरीएवढा होई, सुटे आणि वर येऊन फुटे. त्याच्या जागी पुन्हा नवा.

खराटा घेऊन कुंडाच्या पायऱ्या घासणाऱ्या काकी माझ्याकडे बघत होत्या. "जपून गो बाय, शेवाळ आहे. पाय सरकंल," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "किती घासा, आठ दिवसांत परत येतं."

ते निसरडं होतं, हे खरं. पण ते नुसतं शेवाळ नव्हतं. मी बोटाच्या पेराएवढ्या जागेवर जे बघत होते ती एक वसती होती. तिच्यात कोट्यवधी रहिवासी असतात, त्यांचे मजले ठरलेले असतात, दिवसपाळी-रात्रपाळी ठरलेली असते आणि एकाच्या उष्ट्यावर दुसऱ्याचं जेवण चालतं. या वसतीविषयीच मला लिहायचं आहे, कारण आपल्याकडे उन्हाळ्यांविषयी जे काही बोललं जातं त्यात देव असतो, गंधक असतं, खरूज-नायटा असतो, पण त्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे नसतात.

आधी शब्दाविषयी थोडं. उन्हाळा हा ऋतू, पुल्लिंगी. आणि उन्हाळं म्हणजे ऊन पाण्याचा झरा, नपुंसकलिंगी. हा दुसरा शब्द शहरात विसरला गेला, पण नकाशावर तो ठिकठिकाणी बसलेला आहे. राजापूरजवळचं उन्हाळे, दापोलीकडचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, जळगाव जिल्ह्यातलं उनपदेव, नांदेड जिल्ह्यात किनवटकडचं उनकेश्वर. गावाच्या नावात 'ऊन' दिसलं की तिथं पाणी कढत असणार, हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलेलं आहे. कोकणात उत्तरेला पालघरच्या कोकनेरपासून दक्षिणेला राजापूरपर्यंत, तीनशे किलोमीटरहून लांब अशा पट्ट्यात ही उन्हाळी साधारण एका रेषेत आहेत. कुठं पाणी कोमट, तर उन्हवऱ्याला सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास. खाली कुठला ज्वालामुखी धगधगत नाही. पावसाचं पाणी दगडातल्या खोल भेगांतून उतरत जातं. दर किलोमीटरला पृथ्वीच्या पोटातलं तापमान पंचवीस-तीस अंशांनी चढतं. तिथं तापलेलं पाणी वाटेत दगडातले क्षार विरघळवून घेतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. त्याचा हा प्रवास फार सावकाश चालतो. आपण ज्या पाण्यानं आंघोळ करतो ते कधीच्या काळी पडलेल्या पावसाचं असतं.

अशा पाण्यात कोणी जगावं, हेच मुळात नवल. अंड्याचा पांढरा बलक साठ-बासष्ट अंशांना गोठायला लागतो. हिमाचलात मणिकर्णला लोक तांदळाची पुरचुंडी कुंडात सोडून भात शिजवतात. शिजणं म्हणजे काय, तर प्रथिनांच्या रेणूंची घडी विस्कटणं आणि त्यांचा गुंता होणं. पेशीचं सगळं काम या घडीवर चालतं. घडी मोडली की पेशी संपली. मग सत्तर अंशांच्या पाण्यात राहणारा जीवाणू शिजत कसा नाही? त्याची प्रथिनं आपल्यासारख्याच अमिनो आम्लांची बनलेली असतात, वेगळा माल काही नसतो. फरक घडी घालण्यात आहे. रेणूच्या आत मोकळी जागा कमी, बाहेर लोंबणारे सैल वेटोळे कमी, आणि धन-ऋण भारांच्या जोड्या जागोजागी टाचलेल्या. सैलसर शिवलेलं कापड आणि दाट टाके घातलेलं कापड यांत जो फरक, तसाच. पेशीच्या पटलातली मेदद्रव्यंही वेगळी असतात. नाहीतर कढत पाण्यात ते पटल तुपासारखं पातळ झालं असतं. या दाट शिवणीचा दुसरा परिणाम असा, की गार पाण्यात हे जीव आखडतात. आपल्याला जे पाणी सुखाचं, त्यात त्यांना हलताही येत नाही.

हे सगळं कळायला विसावं शतक अर्ध्याहून अधिक उलटावं लागलं. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ टॉमस ब्रॉक १९६४च्या उन्हाळ्यात येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गेले तेव्हा त्यांचंही लक्ष आधी पाटांकडेच गेलं. झऱ्यातून निघणाऱ्या पाण्याला रंगांचे पट्टे होते: आधी बिनरंगी, मग पिवळा, नारिंगी, तपकिरी, हिरवा. पाणी जसजसं निवत जातं तसतसा रंग बदलतो, म्हणजे रहिवासी बदलतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. प्रकाशसंश्लेषण करणारा जीव सुमारे ७३ अंशांच्या वर टिकत नाही. म्हणून पिवळा-हिरवा पट्टा जिथं सुरू होतो ती रेषा जवळजवळ थर्मामीटरसारखी वाचता येते. पण त्या रेषेच्या वरही, ८०-८८ अंशांच्या वाहत्या पाण्यात, गुलाबी तंतूंचे झुबके हलताना दिसत होते. ते जिवंत होते. ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग काचेच्या पट्ट्या दोऱ्यांना बांधून उकळत्या झऱ्यांत सोडल्या, काही दिवसांनी वर काढल्या, आणि त्यांवर जीवाणू वाढलेले निघाले. किती साधा प्रयोग! मला त्यांच्या सगळ्या कामात हाच सर्वांत आवडतो.

१९६६ साली इंडियाना विद्यापीठातले त्यांचे विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी मशरूम स्प्रिंग नावाच्या झऱ्यातल्या नमुन्यातून एक पिवळसर जीवाणू प्रयोगशाळेत वाढवला. त्याआधी उष्णताप्रिय जीवाणू शोधायचे तर उबवणीपेटी ५५ अंशांवर लावायची आणि खाद्य भरपूर घालायचं, असा रिवाज होता. दूध आणि डबाबंद अन्न नासवणारे जीवाणू तसे वाढत, म्हणून सगळेच तसे वाढत असणार असं धरलेलं होतं. ब्रॉक-फ्रीझ यांनी पेटी ७० अंशांवर लावली आणि खाद्य अगदी पातळ ठेवलं, झऱ्याच्या पाण्यात असतं तसं. पाहुण्याला त्याच्या घरच्यासारखं वाढलं, तेव्हा तो जेवला. १९६९ मध्ये त्याला नाव मिळालं थर्मस ॲक्वाटिकस. पुढे १९७३ साली ब्रॉक यांच्या प्रयोगशाळेनं कपडे धुण्याच्या लाँड्र्या आणि घरगुती पाणी तापवायच्या टाक्या तपासल्या, तर तिथंही असेच उष्णताप्रिय जीवाणू निघाले.

या जीवाणूची पुढची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते, म्हणून ती थोडक्यात. डीएनएची नक्कल करणारं त्याचं विकर १९७६ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं. जीवाणूच्या नावावरून ते टॅक पॉलिमरेज म्हणून ओळखलं जातं. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली. डीएनए ९५ अंशांपर्यंत तापवून त्याचे दोन पदर सुटे करायचे, थंड करून प्रत्येक पदराची नक्कल काढायची, पुन्हा तापवायचं. अडचण अशी की प्रत्येक वेळी तापवताना विकर शिजून जायचं आणि दर फेरीला नवं घालावं लागायचं. टॅक शिजत नाही. १९८८ नंतर ते वापरात रुळलं, आणि १९९३ मध्ये मुलिस यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. करोनाच्या काळात नाकात काडी घालून घेतलेल्या नमुन्यांचे जे अहवाल आपण जीव मुठीत धरून उघडले, त्यांच्यामागे हेच विकर किंवा त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या होत्या.

ही कथा खरीच थोर आहे. पण तिनं एक नुकसानही केलं, असं मला वाटतं. उष्ण झरा म्हटलं की 'उपयोगाचा जीवाणू' शोधायची सवय लागली. जणू झरा म्हणजे खाण, आणि एकेक जीवाणू म्हणजे तिच्यातून उचलायचा खडा. प्रत्यक्षात तिथं एकटा कोणीच राहत नाही.

येलोस्टोनमधल्या ऑक्टोपस स्प्रिंग आणि मशरूम स्प्रिंग या झऱ्यांतल्या थरांचा अभ्यास जगात सर्वाधिक बारकाईनं झालेला आहे. साठ अंशांच्या आसपासच्या पाण्यातला तिथला थर सुरीनं कापून उभा धरला तर सर्वांत वर मिलिमीटरभर हिरवा पापुद्रा दिसतो, त्याखाली नारिंगी पदर, आणि खाली खाली फिकट होत गेलेले जुने पदर. मला तर ती गोधडीच वाटते. खालचे पदर जुन्या लुगड्यांचे, वरचा त्यातल्या त्यात नवा, आणि सगळे एकमेकांत टाचलेले. टाचणारा दोरा म्हणजे जीवाणूंनी बाहेर सोडलेली चिकट शर्करा. काकींचा पाय ज्यावरून सरकतो तो बुळबुळीतपणा हाच. त्याच्या आधारानं पेशी वाहत्या पाण्यातही जागा सोडत नाहीत.

वरच्या हिरव्या पापुद्र्यात सिनेकोकॉकस नावाचे सायनोबॅक्टेरिया असतात. जुन्या पुस्तकांत त्यांना नीलहरित शैवाल म्हणत, पण ते जीवाणूच. ऊन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांवर ते साखर बनवतात आणि प्राणवायू सोडतात. बुडबुडे आले ते इथून. दुपारपर्यंत त्या मिलिमीटरभर जागेत हवेशी समतोलात असलेल्या पाण्याच्या कितीतरी पट प्राणवायू साचतो. इतका, की स्वतः सिनेकोकॉकसलाच तो जड होतो आणि त्याचा थोडा माल सेंद्रिय आम्लाच्या रूपानं बाहेर सांडतो.

तो सांडलेला माल खालच्या मजल्यावर जातो. तिथं क्लोरोफ्लेक्सससारखे बारीक तंतूंचे जीवाणू असतात. त्यांचा नारिंगी रंग गाजरातल्या रंगद्रव्याच्या भाऊबंदांपासून येतो. त्यांनाही उजेड लागतो, पण ते वरच्यांशी भांडत नाहीत. वरच्या हिरव्या पापुद्र्यानं जो प्रकाश वापरला नाही, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश, तो खाली झिरपतो आणि तेवढ्यावर यांचं भागतं. प्राणवायू ते सोडत नाहीत. वरून येणारं उष्टं आणि उरलासुरला उजेड यांवर त्यांचा संसार. त्यांच्याही खाली, जिथं उजेड नाही आणि प्राणवायूही नाही, तिथं कुजवणारे, सल्फेटवर श्वास घेणारे आणि मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव असतात. यांतले मिथेनवाले तर जीवाणूही नव्हेत. कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये जी वेगळी शाखा ओळखली, त्या आर्किया गटातले ते आहेत. सल्फेटवाल्यांच्या श्वासातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास. आपण ज्याला 'गंधकाचा वास' म्हणून श्रद्धेनं छातीत भरून घेतो त्यातला काही भाग जमिनीखालच्या रसायनांचा असेल, पण काही भाग या तळमजल्यावरच्या भाडेकरूंचाही असतो.

संध्याकाळी सगळं पालटतं. सूर्य कलला की वरचा कारखाना बंद. साचलेला प्राणवायू सगळ्यांच्या श्वासात बघता बघता संपून जातो आणि गोधडी वरपर्यंत प्राणवायूविना होते. दिवसभर प्राणवायूत बुडालेला सिनेकोकॉकस आता अंधारात, दिवसा साठवलेली साखर आंबवून कसाबसा तगतो. आंबवताना निघालेली आम्लं पुन्हा खालच्यांच्या पोटात जातात. क्लोरोफ्लेक्ससचे तंतू रात्री हळूहळू सरपटत वर येतात, कारण त्यांना आता वर थोडी हवा मिळते.

आणि याच वेळी एक मोठं काम निघतं. उन्हाळ्याच्या पाण्यात वापरता येईल असा नत्र बहुधा कमीच असतो. हवेतला नत्र बांधून घ्यायचा तर त्यासाठी लागणारं विकर प्राणवायूच्या संपर्कात आलं की निकामी होतं. म्हणजे प्राणवायू तयार करणाऱ्यालाच नत्र बांधायचा आहे. सिनेकोकॉकसनं हा पेच वेळ वाटून सोडवला. नत्र बांधायची जनुकं संध्याकाळी, प्राणवायू उतरू लागला की जागी होतात. विकर रात्री तयार ठेवलं जातं. पण रात्री हाताशी ऊर्जा थोडी असते. सगळ्यांत जोरात काम चालतं ते पहाटे, फटफटल्यावर: उजेड आलेला असतो पण प्राणवायू अजून साचलेला नसतो, त्या थोडक्या वेळात. शेतकऱ्यानं उन्हं चढण्याआधी औत सोडावं तसं हे काम चढत्या दिवसाबरोबर आवरतं. येलोस्टोनच्या गोधडीवर हे निरीक्षण २००६ ते २००८ च्या सुमारास प्रसिद्ध झालं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

या वसतीची खानेसुमारी करणं हे तर आणखी अवघड. शंभर वर्षं शास्त्रज्ञांची रीत अशी होती, की नमुना आणायचा, खाद्यावर वाढवायचा आणि जे वाढेल त्याला तिथला रहिवासी म्हणायचं. ऑक्टोपस स्प्रिंगच्या गोधडीतून असा एक सिनेकोकॉकस वाढवलेला होता, आणि वरच्या पापुद्र्याचा मालक तोच, असं सगळे धरून चालले होते. मग १९९० मध्ये डेव्हिड वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी जीवाणू वाढवण्याच्या फंदात न पडता गोधडीतून थेट रायबोसोमचा आरएनए काढून त्याची अक्षरमाला वाचली. त्या गोधडीतून तोवर वाढवलेल्या जीवाणूंपैकी एकाशीही ती जुळेना! प्रयोगशाळेत जो वाढला होता तो त्या गर्दीतला एखादा पाहुणा होता. खरे घरमालक बशीत यायला तयारच नव्हते. पुढे याच वाटेनं २००७ मध्ये क्लोरॅसिडोबॅक्टेरियम हा प्रकाशावर जगणारा अगदी नव्या गटातला जीवाणू सापडला. आधी डीएनएत त्याच्या खुणा दिसल्या आणि मग तो प्रत्यक्ष वाढवला गेला, ओळखीचं पत्र आधी आणि माणूस मागाहून यावा तसा. आज अशी मोजणी करताना जागोजागी पीसीआर लागते, म्हणजे टॅक लागतं. उन्हाळ्यातल्या जीवाणूचं विकर घेऊन आपण उन्हाळ्यातल्या वसतीची मोजणी करतो.

हे सगळं येलोस्टोनचं झालं. आपल्याकडे काय? इथं मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. ब्रॉक यांच्या त्या पहिल्या फेऱ्या चालू होत्या त्याच सुमाराला, १९६५ मध्ये, टॉमस आणि गोन्सालवीस या दोन शैवालतज्ज्ञांची 'हायड्रोबायोलॉजिया' या नियतकालिकात एक लेखमाला छापून आली. विषय पश्चिम भारतातल्या उन्हाळ्यांतली शैवालं. पहिला लेख अकलोली-गणेशपुरीवर, मग पाली, मग महाडजवळचं सव, मग अरवली, तुरळ आणि राजवाडी. एकेका झऱ्यावर जाऊन तिथं कोणतं शैवाल राहतं याची नोंद त्यांनी केली, आणि त्यात नीलहरित मंडळी, म्हणजे आज आपण जीवाणू म्हणतो ते, मोठ्या संख्येनं होती. तुरळ आणि राजवाडी ही नावं जगातल्या वाचनालयांत गेली ती या लेखमालेमुळे. मुंबई-गोवा रस्त्यानं जाताना आपण चहाला थांबतो ते हेच अरवली आणि हेच तुरळ.

पुढे डीएनएचं युग आलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी उनकेश्वरच्या उन्हाळ्यातल्या जीवाणूसमूहाचा एकत्रित डीएनए वाचून २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. उनकेश्वर बसाल्टाच्या, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच काळ्या दगडातलं उन्हाळं. येलोस्टोनला ज्वालामुखीची उष्णता, सिलिकानं भरलेलं पाणी आणि बर्फाळ हिवाळा. आपल्याकडे बसाल्ट, क्षार आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस, ज्यात नदीकाठची कित्येक उन्हाळी पुराखाली जातात आणि दरवर्षी वसती जवळपास नव्यानं मांडावी लागते. तिथले निष्कर्ष इथं जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत. कोकणातल्या प्रत्येक उन्हाळ्याची मोजणी वेगळीच करायला हवी, तीही पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा.

आता कुंडात उतरणाऱ्यांसाठी एक सरळ गोष्ट. 'कढत पाण्यात जंतू राहतच नाहीत' असा आपल्याकडे पक्का समज आहे. सत्तर अंशांच्या पाण्यात आपल्या आतड्यांतले जंतू खरोखरच टिकत नाहीत. पण त्यात आंघोळ करता येत नाही. आंघोळीची कुंडं असतात चाळीस-पंचेचाळीसची. पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का हे तपासताना प्रयोगशाळा नमुना कोणत्या तापमानाला ठेवते? ४४.५ अंशांना. कारण आतड्यांतून आलेले कोलिफॉर्म जंतू त्या उष्णतेत मजेत वाढतात आणि मातीतले बरेचसे मागे पडतात. म्हणजे आंघोळीचं कुंड जवळजवळ त्या तपासणीपेटीइतकंच उबदार असतं. जत्रेच्या दिवशी एकाच कुंडात शेकडो माणसं उतरली, तर तिथं जे वाढेल ते उन्हाळ्याचं नव्हे, आपण आणलेलं असेल. आधी बाहेर स्वच्छ आंघोळ करून मग कुंडात उतरावं, पाणी नाकातोंडात जाऊ देऊ नये आणि अंगावर उघडी जखम असेल तर काठावरूनच नमस्कार करावा. आणि गोधडीला यासाठी दोष देऊ नये. ती माणसाच्या आतड्यात राहत नाही, आणि आपलं अंग तिच्या दृष्टीनं फारच थंड आहे.

घासण्याबद्दल मात्र माझं मन स्वस्थ नाही. पायरी घासलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. म्हातारी माणसं उतरतात, पडली तर हाड मोडतं. पण एका ठिकाणी मी असं पाहिलं, की कुंडाचं सुशोभीकरण करताना चिरा काढून गुळगुळीत टाइल बसवली, पाट बुजवून पाणी थेट पाइपात घातलं, आणि कडेला जे हिरवं उरलं त्यावर ब्लीचिंग पावडर ओतली. तिथं पाणी अजूनही तितकंच ऊन आहे. पण पाटच राहिला नाही, म्हणजे पोळण्यापासून कोमटपर्यंतची उतरंड राहिली नाही, आणि उतरंड नाही तर एकाखाली एक पट्ट्यांत राहणाऱ्यांना जागाच नाही. वीस पावलांचा उघडा, उन्हातला, हळूहळू निवणारा पाट तेवढा सोडायचा होता. त्यावर कोणी चालत नव्हतं, कोणी घसरणार नव्हतं, आणि खर्च तर उलट कमी झाला असता. त्या वीस पावलांत किती जाती होत्या हे आता कोणीच मोजू शकणार नाही. तिथल्या मंडळींनी वाईट हेतूनं केलं असंही नाही. ते शेवाळ आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

संगमेश्वरच्या त्या उन्हाळ्यावर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, या वेळी पहाटे. काकींच्या घरीच उतरले होते. त्यांनी हातात बॅटरी दिली आणि स्वतःही मागे आल्या. पाटावर वाफ धरली होती. बॅटरीच्या उजेडात गोधडी काळी दिसत होती आणि तिच्यावर एकही बुडबुडा नव्हता. वास मात्र कालच्यापेक्षा उग्र. काकी चिऱ्यावर टेकल्या. मी त्यांना सांगितलं, की आत्ता ही मंडळी हवेतलं खत बांधताहेत, उन्हं वर आली की थांबतील. "म्हणजे आपल्या आधी उठतात," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. साडेसातला समोरच्या आंब्याआडून पहिलं ऊन पाटाच्या खालच्या टोकावर आलं. मी भिंग धरून थांबले. नऊ वाजायला आले तेव्हा काळपट हिरव्यावर सुईच्या टोकाएवढं काहीतरी चमकलं. काकी कप घेऊन परत आल्या होत्या. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं, मग खराटा उचलून त्या पायऱ्यांकडे वळल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "पाट नको घासूया आज."